गरज नाही, इच्छा आहे

ताई, नमस्कार.

मी २८ वर्षांची आहे. पंचवटीत निमाणीजवळ आमचं घर. घरात आई-बाबा आणि मी. सातपूरच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करते. मला वेगळं राहायचं आहे. लग्न ठरलेलं नाही, कुणाशी काही आहे असंही नाही, घरात भांडणही नाही. फक्त वेगळं राहायचं आहे. गंगापूर रोडला एक वन बीएचके बघून ठेवला आहे, भाडं मला परवडतं.

घरी विषय काढला तर बाबा म्हणाले, "हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे. एकाच गावात आई-बाप असताना मुलगी भाड्याने राहते, असं आपल्यात कुणी ऐकलंय का?" आई म्हणाली, "लोक काय म्हणतील? आणि स्थळं यायची बंद होतील." बाबांना बीपी आहे. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दादा चार वर्षांपासून जर्मनीत, श्टुटगार्टला आहे. तो म्हणतो, "इथे अठरा पूर्ण झाले की मुलं बाहेर पडतात. तू विचारत काय बसलीस? सरळ निघ." तो गेला तेव्हा बाबांनी कर्ज काढलं होतं आणि गल्लीत पेढे वाटले होते.

मला त्रास काय आहे ते सांगायला गेलं तर हसू येईल इतका तो लहान आहे. माझ्या खोलीला कडी आहे. ती लावली की दोन मिनिटांत आई दार वाजवते, "झोपलीस का गं? बरं नाही का?" काही झालेलं नसतं, मी नुसती पडलेली असते. माझं पार्सल मी यायच्या आधी उघडलेलं असतं. कंपनीतून उशीर झाला की बाबा रविवार कारंजावर स्कूटर लावून उभे राहतात. रिक्षा मिळते, तरी. त्यांना तिथे उभं बघितलं की भरून येतं आणि त्याच क्षणी कुठेतरी निघून जावंसं वाटतं.

कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे. बदली मागितली तर मिळेल, आणि बदली झाली म्हटलं तर घरी कुणी एक शब्द बोलणार नाही. मागून घेऊ का? आणि मी म्हणतेय ते खरंच आपल्या संस्कृतीत बसत नाही का?

— पंचवटीची लेक

प्रिय लेकी,

पुण्याची बदली मागू नकोस. पुण्यात काम करायची ओढ असती तर गोष्ट वेगळी होती. पण तुझ्या एवढ्या पत्रात पुण्याविषयी एकच गोष्ट आहे: तिथे गेलीस तर घरी काही समजावून सांगावं लागणार नाही. तेवढ्यासाठी गाव सोडायचं, मैत्रिणी सोडायच्या, बाबांपासून दोनशे किलोमीटर लांब जायचं, हे मला पटत नाही. तुला नाशिक नकोसं झालेलं नाही. कडी लावली तर कुणी काळजीने वाजवणार नाही असं एक दार तुला हवं आहे. त्याला बदलीचं सोंग कशाला?

आपल्याकडे घर सोडायला कारण लागतं. शिक्षण, नोकरी, बदली, लग्न. कारण भक्कम असलं की मुलगा सातासमुद्रापार गेला तरी पेढे वाटले जातात. कारण नसलं तर मुलगी नुसती गोदावरी ओलांडून गंगापूर रोडला जाते म्हणाली तरी घरात जेवणं होत नाहीत. यात अंतराचा काही संबंध नाही. "मला तसं राहावंसं वाटतं" हे आपल्या घरांत कारण म्हणून धरलंच जात नाही, आणि मुलीच्या तोंडून आलं तर ते उद्धटपणाचं ठरतं. मग मुली कारणं शोधतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, लांबचं कॉलेज, रात्रपाळी. लग्नसुद्धा. बाहेर पडायला दुसरी वाट दिसेना म्हणून पहिल्या बऱ्या स्थळाला हो म्हणून बसलेल्या मुलींची पत्रं मला येतात, आणि ती वाचताना जीव तुटतो. तू मात्र सरळ लिहिलंस, "फक्त वेगळं राहायचं आहे." हे वाक्य घरीही असंच राहू दे. आज त्याच्या जागी बदली पुढे केलीस तर पुढच्या प्रत्येक इच्छेसाठी अशीच एक बदली शोधावी लागेल. तुझं लग्न कुणाशी व्हावं, व्हावं की नाही, मूल कधी, नोकरी सोडायची की धरायची, या सगळ्या गोष्टी पुढे यायच्याच आहेत. तुला काय आवडतं हे आई-बाबांना कळायची सुरुवात कुठून तरी व्हायला हवी.

आता तुझा दुसरा प्रश्न, संस्कृतीचा. त्यात दादाचं म्हणणं आधी घेते, कारण ते ऐकायला सोपं वाटतं आणि अर्धंच खरं आहे. युरोपात सगळीकडे मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात असं अजिबात नाही. युरोपीय संघ याची आकडेवारी काढत असतो. फिनलंडमध्ये मुलं सरासरी एकविशीच्या आसपास घर सोडतात, जर्मनीत चोविशीच्या आसपास, आणि इटली, स्पेनमध्ये हे वय तिशीला टेकतं. क्रोएशियात तिशी ओलांडते. ही सगळी माणसं पाश्चात्त्यच आहेत ना? संस्कृतीचा वाटा त्यात असेलच, पण घरभाडं किती, नोकरी कधी लागते आणि सरकार काय देतं याने फार मोठा फरक पडतो. फिनलंडमध्ये विद्यार्थ्याला शिक्षणभत्ता आणि राहण्याच्या खर्चाला मदत सरकारकडून मिळते. जर्मनीत मूल सज्ञान झालं तरी त्याचं पहिलं व्यवसायशिक्षण पुरं होईपर्यंत त्याचा खर्च उचलणं ही आई-बापांची कायद्याने जबाबदारी असते. म्हणून श्टुटगार्टमधला एखादा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी स्वतंत्र खोलीत राहताना दिसतो तेव्हा त्या खोलीचं भाडं अनेकदा दुसरं कुणीतरी भरत असतं. तू स्वतःच्या पगारातून भरणार आहेस. या एका बाबतीत तू त्याच्यापेक्षा जास्त स्वतंत्र आहेस, हे दादाला सांगायला हरकत नाही.

आणि जर्मनीत म्हाताऱ्या आई-बापांशी मुलांचा संबंध संपतो हीही ऐकीव गोष्ट आहे. आई किंवा वडील शुश्रूषागृहाचा खर्च पेलू शकत नसतील आणि मुलाचं वर्षाचं उत्पन्न एक लाख युरोच्या वर असेल, तर त्या खर्चातला वाटा मुलाकडून घेतला जातो. पूर्वी कमी उत्पन्नाच्या मुलांवरही ही जबाबदारी यायची, २०२० पासून लाखाची मर्यादा घातली. आपल्याकडे आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. दोन्हीकडे कर्तव्य आहे आणि दोन्हीकडे ते कायद्यात लिहावं लागलं, याचा अर्थ दोन्हीकडे ते टाळणारी माणसंही आहेत.

दादाला आणखी एक विचार. रविवारी घरात भिंतीला ड्रिल लावता येतं का? नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायला कार्यालयात जावं लागलं ना? उद्या त्याला मूल झालं आणि शाळेत न घालता घरीच शिकवतो म्हणाला तर जर्मनीत ते चालत नाही. बंधनं तिथेही भरपूर आहेत. पण ती लिहिलेली आहेत आणि साधारण सगळ्यांना सारखी आहेत. आपल्याकडची बंधनं नात्यांत असतात, लिहिलेली नसतात, आणि माणूस बघून बदलतात. दादाला एक, तुला दुसरं. तुझ्या घरात मला खटकतं ते हे. बाबा पूर्व आणि पश्चिम म्हणतात, पण स्वतःच्या मुलाला त्यांनी कर्ज काढून त्याच पश्चिमेत पाठवलं आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मग घरातला खरा भेद मुलगा आणि मुलगी असा आहे. हे त्यांना ऐकवून दाखव असं मी म्हणणार नाही. तुला मनातून ते स्पष्ट असलं पाहिजे, नाहीतर तू उगाच संस्कृतीशी भांडत बसशील आणि ते भांडण कधी संपणार नाही.

स्त्रीने स्वतःच्या मर्जीने जगणं हे पश्चिमेच्या रक्तातच आहे, असा समज मात्र बाबांचाही आहे आणि दादाचाही. तो दोघांनी सोडायला हवा. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरण्याचा आणि स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडण्याचा हक्क १९६५ च्या कायद्याने मिळाला. दादा राहतो तो भाग तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतला, आणि तिथे तर १९७७ पर्यंत कायदाच सांगत होता की बायकोने नोकरी करावी, पण संसाराची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तर. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९७१ उजाडलं. तुझी आजी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत वयात आलेली असेल तर तिला तो हक्क तेव्हाच होता. तिकडच्या बायकांना हे कुणी परंपरेने हातात ठेवलं नाही. त्यांच्या घरांतही बाप जेवले नसतील, आया रडल्या असतील.

आणि "लोक काय म्हणतील" हे आईचं वाक्य तर मुळीच आपल्या एकट्याचं नाही. जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या इंग्रज विचारवंताने १८५९ साली स्वातंत्र्यावर जे लिहिलं, त्यात त्याला राजापेक्षा आणि कायद्यापेक्षा जास्त भीती वाटते ती शेजारपाजाऱ्यांच्या मताची. समाजाचा दाब कायद्यापेक्षा खोल जातो, माणसाच्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींत शिरतो, त्यातून सुटायला वाट राहत नाही, असं तो लंडनमध्ये बसून, स्वतःच्या समाजाबद्दल सांगत होता. हाच मिल तीस-पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि हिंदुस्थानसारख्या देशांना हे स्वातंत्र्याचं तत्त्व अजून लागू नाही असं त्याचं मत होतं. आपल्या आगरकरांनी तो वाचला, त्यातलं घ्यायचं ते घेतलं आणि त्याने आपल्याला नाकारलेलं तत्त्व आपल्या माणसांसमोर मांडलं. त्याबद्दल पुण्यात जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा त्यांना बघावी लागली. आगरकर परके होते असं तुझे बाबाही म्हणणार नाहीत.

आणि लांब कशाला जायचं, तुझ्या घरापासून काळाराम मंदिर किती अंतरावर आहे? २ मार्च १९३० ला त्याच्या दाराशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांसारखी आपल्या जिल्ह्यातली माणसं पुढची काही वर्षं तो चालवत राहिली. मार खाल्ला, तुरुंगात गेली, दारं बंदच राहिली. १९३५ साली आपल्याच येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. पुढे १९५४ मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपलं तत्त्वज्ञान असल्याचं सांगितलं आणि ते फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनं घेतलेलं नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतलं आहे, हेही बजावून सांगितलं. माणसाला माणूस म्हणून स्वतःचं काही असतं, ही मागणी पंचवटीत परदेशातून आलेली नाही. तुझी मागणी त्या लढ्याच्या तोलाची आहे असं मी म्हणत नाहीये. तशी तुलना करणं त्या माणसांवर अन्याय होईल. पण "आपल्यात असं कुणी ऐकलंय का" हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला होता, एवढं लक्षात ठेव.

इतकं सगळं म्हटलं तरी बाबांची बाजू नुसती खोडून काढावी असं मला वाटत नाही. पूर्वेकडच्या समाजांत माणूस स्वतःला नात्यांसकट मोजतो, हे खोटं नाही आणि ते कमीपणाचंही नाही. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोन मानसशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरं जुळवून शब्द करायची कोडी होती. काही मुलांना कोडी स्वतः निवडू दिली, काहींना बाईंनी निवडून दिली, आणि काहींना सांगितलं की ही तुझ्या आईने निवडली आहेत. गोऱ्या अमेरिकन घरांतल्या मुलांनी स्वतः निवडलेली कोडी सगळ्यांत जास्त सोडवली. चिनी, जपानी वंशाच्या घरांतल्या मुलांनी आईने निवडली असं सांगितलेली कोडी सगळ्यांत जास्त सोडवली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. आईने निवडलेलं ते त्या मुलांना लादलेलं वाटलं नाही, स्वतःचंच वाटलं. तुलाही आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी अशाच आपल्या वाटल्या असतील. तू डिझाइनकडे वळलीस ते कुणी ठरवलं होतं? त्याचा तुला राग आहे का? पत्रात तरी दिसला नाही.

पण ती मुलं सात-आठ वर्षांची होती. आईची निवड मनापासून स्वतःची वाटणं वेगळं, आणि बाबा जेवणार नाहीत म्हणून गप्प बसणं वेगळं. पहिल्यात माणूस मोकळा असतो, दुसऱ्यात आतल्या आत धुमसतो आणि एक दिवस दादासारखा "सरळ निघ" म्हणायला लागतो. तू कुठे आहेस हे तुझ्या पत्रातल्या रविवार कारंजावरच्या त्या दोन ओळींवरून मला कळलं. भरून येणं खरं आहे आणि निघून जावंसं वाटणंही खरं आहे. त्यातलं एक आपलं आणि दुसरं परकं, असं समजू नकोस. दोन्ही तुझंच आहे.

आपल्या परंपरेत स्वातंत्र्याचा आणखी एक अर्थ आहे. तो बाबा वापरत नाहीत, पण तू घरातून निघण्याआधी ऐकून ठेव. आपल्या जिल्ह्यातच इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात वर्षभर देशोदेशीची माणसं येतात. दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही, फोन जमा करायचा, पहाटे चारला उठायचं, दिलं ते खायचं. ज्या युरोपात, अमेरिकेत वाट्टेल ते करायची मुभा आहे असं आपण म्हणतो, तिथली माणसं इथे येऊन दहा दिवसांसाठी आपली सगळी मुभा काढून ठेवतात, कारण त्यांना स्वतःच्याच मनाच्या कटकटीतून सुटायचं असतं. गंगापूर रोडच्या त्या घरात कडी कुणी वाजवणार नाही हे नक्की. पण आईला दुखावलं हा विचार तिथेही येईल, संध्याकाळी सात वाजता जास्तच येईल. पहिले काही आठवडे घर खायला उठेल. ते झालं म्हणून निर्णय चुकला असं समजून धावत परत येऊ नकोस, आणि हट्टाने एकटी कुढतही बसू नकोस. एकटेपणा तिकडेही काही थोडा नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये एका मंत्र्याकडे एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी सोपवली, आणि २०२१ मध्ये जपाननेही तेच केलं. बघ, एक पश्चिमेचा देश आणि एक पूर्वेचा.

आता घरी कसं सांगायचं ते बोलू.

आधी दोन महिने भाडं, वीज, गॅस, किराणा आणि येण्याजाण्याचा खर्च धरून तेवढी रक्कम पगार झाला की वेगळ्या खात्यात टाक. जमलं तर डिपॉझिटही त्यातूनच उभं राहील, आणि "परवडेल का" या प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावं लागणार नाही. घरात सध्या काही देत असशील तर ते बंद करू नकोस. कमी करावं लागणार असेल तर किती, ते आधीच सांग.

मग आई-बाबा दोघंही असताना बोल. सणावाराला नको, पाहुणे असताना नको, आणि दादाचा व्हिडिओ कॉल चालू असताना तर मुळीच नको. "स्वातंत्र्य" हा शब्द काढूच नकोस. तो काढला की बाबांना तू त्यांना तुरुंगाधिकारी म्हणते आहेस असं वाटेल, आणि सगळी चर्चा तिथेच अडकेल. कडीचं सांग. पार्सलचं सांग. तुला संध्याकाळी तासभर कुणाशी न बोलता बसावंसं वाटतं ते सांग. स्वतःच्या हाताने घर चालवून बघायचंय ते सांग. त्यांनी विचारलं, "पण गरज काय?" तर म्हण, "गरज नाही बाबा, इच्छा आहे." आणि मग थांब. लगेच कारणं जोडायला जाऊ नकोस. त्यांना ते ऐकून घ्यायला वेळ लागेल. एका बैठकीत होणारं हे काम नाही, तीन-चारदा बोलावं लागेल.

काय बदलणार नाही, हेही त्याच बैठकीत सांग, आणि जे पाळता येईल तेवढंच सांग. रोज रात्री फोन करीन असं कबूल करून आठवड्यात कंटाळशील, त्यापेक्षा रविवारचं जेवण पक्कं कर. बाबांच्या बीपीच्या तपासणीला तू नेत असशील तर पुढेही तूच ने. आणि निघण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन, त्यांच्यासमोरच विचार की गोळ्या, मीठ, चालणं, यात काय सांभाळायचं. बाबांचं बीपी खरं आहे, त्याची काळजी खरीच घेतली पाहिजे. पण ते घरातल्या प्रत्येक निर्णयाच्या आड उभं राहिलं तर उद्या तुझ्या लग्नाच्या निर्णयातही उभं राहील. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की तुझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

आईचं "स्थळं येणार नाहीत" हे मनावर घे, हसण्यावारी नेऊ नकोस. तिने आयुष्यात एक रात्र तरी एकटीने घरात काढली असेल का? आधी माहेर, मग सासर. मुलीचं लग्न होईपर्यंत तिला जपणं ही तिच्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि ती नीट पार पाडली का याचा हिशेब लोक तिच्याकडेच मागणार आहेत, बाबांकडे नाही. तिची भीती तिथली आहे. तिला एवढंच सांग की जे घर या एका गोष्टीवरून तुला नाकारेल, त्या घरात गेल्यावर तुझी कडी कोण वाजवेल याचा तिने विचार करावा. प्रेमाने सांग, जिंकल्यासारखं नको. आणि शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे. "कंपनी जवळ पडते म्हणून राहते" असं ती कुणाला म्हणाली तर तिथे तिला दुरुस्त करायला जाऊ नकोस. तुझी इच्छा आई-बाबांना कळणं महत्त्वाचं होतं. गल्लीला कळलीच पाहिजे असं काही नाही.

घर लावशील तेव्हा दूध उतू घालायला आईलाच बोलाव. डबे कुठे ठेवायचे, देव कुठे मांडायचे, हे तिला सांगू दे, पुढे तुला हवं तसं हलवता येईल. किल्ली मात्र पहिले काही महिने देऊ नकोस. पत्ता दे, घरमालकाचा नंबर दे, खालच्या मजल्यावर ओळख झाली की त्यांचाही दे. किल्ली दिलीस तर चांगल्या मनानेच ती दुपारी येऊन तुझं कपाट लावून जाईल, आणि पार्सलची गोष्ट तिथेही सुरू होईल. तिला वाईट वाटेल. वाटू दे, ते वाईट वाटणं दोघींना सोसता येण्यासारखं आहे.

दादालाही एक काम दे. "सरळ निघ" एवढं फोनवर म्हणून त्याची सुटका होता कामा नये. तू निघशील त्या महिन्यात त्याने घरी रोज बोलावं, आईचं रडणं ऐकून घ्यावं, आणि बाबांना स्वतः सांगावं की मी गेलो तेव्हा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, आता तिच्यावर ठेवा. हे वाक्य घरात त्याच्या तोंडून जास्त ऐकलं जाईल. तसं असायला नको, पण आहे, आणि आज त्याचा उपयोग करून घे.

कायद्याचंही विचारून ठेवावं असं तुझ्या मनात असेल. तू सज्ञान आहेस, आणि देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. त्यात "आई-बाप त्याच गावात असतील तर सोडून" असं कुठे लिहिलेलं नाही. पण हे कलम घरच्या बैठकीत काढू नकोस, ते घरमालकासाठी आणि सोसायटीसाठी राखून ठेव. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच कर. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असला तरी तो नोंदवावाच लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही करून मोकळं होऊ म्हणणारा मालक असेल तर ते घर सोडून दे. डिपॉझिट बँकेतून दे, रोख नको. पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या अटी, रात्री गेट किती वाजता बंद होतं, हे सही करण्याआधी विचार. एका कडीतून सुटून दुसऱ्या कडीत जायचं नाहीये.

एकट्या मुलीला घर देताना बरेच मालक म्हणतात, "वडिलांना घेऊन या, मग बोलू." तोपर्यंत बाबा राजी झाले असतील तर जरूर घेऊन जा. नळाला पाणी किती वाजता येतं, मीटर कुणाच्या नावावर आहे, बाथरूमचं लीकेज, हे ते तुझ्यापेक्षा नीट बघतील. राजी झाले नसतील तर मालकाला सांग की पगार माझा आहे, करार माझ्या नावाने होणार आहे, आणि बोलायचं ते माझ्याशीच बोला. नाही म्हणाला तर पुढचं घर बघ. कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत भाड्याची घरं कमी नाहीत.

— तुझी ताई